सत्याचा अपवाद आणि अपवादाची किंमत

१

‘गीतारहस्या’तले ‘कर्मजिज्ञासा’ हे दुसरे प्रकरण मी आजवर तीनदा नीट वाचले. पहिल्यांदा विद्यार्थी म्हणून, परीक्षेपुरते. दुसऱ्यांदा नीतिशास्त्र शिकवताना, टिपणे काढण्यासाठी. तिसऱ्यांदा वडील गेल्यानंतरच्या वर्षी. या तिसऱ्या वाचनात मी एका यादीपाशी अडखळलो. आधीच्या दोन्ही वेळी ती माझ्या नजरेखालून सहज निघून गेली होती.

सत्य बोलण्याच्या नियमाला अपवाद असतात की नाहीत, याची चर्चा टिळक तिथे करत आहेत. आपल्या शास्त्रांनी अपवाद मान्य केले म्हणून हिंदूंना सत्याची चाड नाही, असा आक्षेप तेव्हा काही युरोपीय लेखक घेत असत. त्याला उत्तर देताना टिळक इंग्रज नीतिशास्त्रज्ञांनाच साक्षीला बोलावतात. त्यांपैकी सिजविकची साक्ष अशी, की काही माणसांशी बोलताना खोटे बोलणे गैर ठरत नाही. लहान मुले, वेडे, सत्य ऐकून ज्यांच्या प्रकृतीला अपाय होईल असे आजारी, शत्रू, चोर, आणि अधिकार नसताना प्रश्न विचारणारे. टिळकांचा मुद्दा सरळ आहे: तुमचेही शास्त्र हेच सांगते, मग आम्हालाच नावे का ठेवता?

मी थांबलो तो ‘आजारी’पाशी. चोर आणि आजारी माणूस एकाच यादीत, एकाच श्वासात आले होते. आणि मी त्या यादीचा उपयोग, ती आठवतही नसताना, करून बसलो होतो.

वडिलांना आतड्याचा कर्करोग होता. तपासण्यांचे अहवाल आले तेव्हा डॉक्टरांनी मला आणि माझ्या बहिणीला केबिनमध्ये बोलावले. बाबा बाहेर बाकावर बसले होते. “पेशंटला सांगायचं की नाही ते तुम्ही घरचे ठरवा,” असे डॉक्टर म्हणाले. आम्ही पाच मिनिटांत ठरवले. बाबांना ‘आतड्याला सूज आहे’ असे सांगितले. दोनेक महिन्यांनी त्यांनी मला एकट्याला गाठून विचारले, “सूज एवढे दिवस राहते का रे?” मी म्हणालो, “राहते बाबा. वयामुळे वेळ लागतो.”

हे सांगतो आहे ते त्या निर्णयाचे रडगाणे गाण्यासाठी नाही. हा निर्णय आपल्याकडे घरोघरी घेतला जातो आणि बहुतेकदा मायेपोटीच घेतला जातो. पण तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला तो घेताना आपण नीतीचा काही प्रश्न सोडवतो आहोत असे वाटलेही नाही, याचे मला नंतर नवल वाटले. म्हणून ज्या मराठी ग्रंथाने रोजच्या पेचप्रसंगांना तत्त्वज्ञानाच्या दरबारात मानाने बसवले, त्याच्याकडे मी हा प्रश्न घेऊन परत गेलो. या लेखात त्या वाचनाचा हिशेब आहे.

२

‘गीतारहस्या’वर मराठीत पुष्कळ वाद झाले. त्यांतले बहुतेक गीता संन्यासपर की कर्मयोगपर, शंकराचार्यांचा अर्थ खरा की टिळकांचा, या प्रश्नाभोवती फिरले. त्या धुळीत ग्रंथाची एक बाजू झाकली गेली. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ साली छापला गेलेला हा ग्रंथ, ज्याला आज ‘उपयोजित नीतिशास्त्र’ म्हणतात त्या विषयावरचे मराठीतले एक मोठे काम आहे. ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात ब्रह्म-मायेची चर्चा जवळपास नाही. आहेत ती अडलेली माणसे. हॅम्लेट आहे, कोरायोलेनस आहे. दुष्काळात जीव वाचवण्यासाठी चांडाळाच्या घरून कुत्र्याचे मांस चोरणारा विश्वामित्र आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय, आईबापांची आज्ञा या एकेका सर्वमान्य नियमाला टिळक हातात घेतात आणि तो कुठे मोडतो ते दाखवतात. नियम खोटे आहेत असे त्यांना म्हणायचे नाही. दोन खरे नियम एकमेकांवर आदळतात तेव्हा माणसाने काय करावे, हा त्यांचा प्रश्न आहे. अर्जुनाचा पेच हा त्यांच्या लेखी रणांगणावरचा एकमेव चमत्कारिक प्रसंग नाही. कर्ते माणूस ज्यात रोज सापडते अशा पेचांचा तो नमुना आहे.

सत्याच्या बाबतीत दोन कथा महत्त्वाच्या ठरतात. पहिली कौशिकाची. कर्णपर्वात कृष्ण ती अर्जुनाला सांगतो. कौशिक हा सत्यव्रती तपस्वी. लुटारूंच्या भीतीने पळालेली माणसे त्याच्या डोळ्यांदेखत रानात लपतात. लुटारू येऊन विचारतात आणि हा व्रत पाळायचे म्हणून खरे सांगून टाकतो. माणसे मारली जातात. कौशिक नरकात जातो. दुसरी कथा द्रोणपर्वातली, ‘नरो वा कुंजरो वा’ची. ती मराठी माणसाला सांगावी लागत नाही.

कौशिकाची कथा वाचताना कांटची आठवण होणे अटळ आहे. १७९७ साली कांटने एका छोट्या निबंधात जवळजवळ हाच प्रश्न घेतला. खुनी दारात येऊन तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारतो आहे, अशा वेळीही खोटे बोलण्याचा हक्क आपल्याला नाही, असे उत्तर त्याने दिले. बिमल कृष्ण मतिलाल यांनी महाभारतातल्या नैतिक पेचांवर लिहिताना कांट आणि कौशिक यांना समोरासमोर ठेवले, ते योग्यच होते. कौशिक हा महाभारतातला कांटवादी आणि महाभारत त्याला नरकात धाडते. इथवर टिळकांशी माझे भांडण नाही. रानात लपलेली माणसे लुटारूंच्या हाती देणारे सत्य, सत्याच्या नावालाच बट्टा लावते.

३

भांडण सुरू होते ते यादीपाशी. लुटारूशी खोटे बोलताना आपण कुणापासून कुणाला वाचवतो? ऐकणाऱ्यापासून तिसऱ्या माणसाला. ऐकणारा धोकादायक आहे, त्याच्या हाती सत्य म्हणजे शस्त्र. सत्य ऐकण्याचा त्याचा हक्क त्याच्याच हेतूने बुडालेला असतो.

आजारी माणसाशी खोटे बोलताना आपण कुणापासून कुणाला वाचवतो? त्याच्यापासून त्यालाच. इथे तिसरा माणूस नाही आणि ऐकणाऱ्याचा हेतू वाईट नाही. तो विचारतो आहे ते स्वतःच्या देहाबद्दल, स्वतःच्या उरलेल्या दिवसांबद्दल. त्याला सत्य नाकारायचे कारण एकच, की तो दुबळा आहे असे आपण ठरवले आहे.

अपवादाचे हे दोन दरवाजे वेगळे आहेत. एक धोक्याचा, दुसरा दुबळेपणाचा. टिळक ते वेगळे करत नाहीत. सिजविकच्या त्या यादीतही ते वेगळे झालेले नाहीत. महाभारतात ज्या पाच प्रसंगी असत्य हे पाप मानलेले नाही, त्यांत थट्टेत, विवाहाच्या प्रसंगी आणि स्त्रियांशी बोललेले असत्यही येते. टिळकांना ते खटकले असावे. स्त्रियांशी नेहमी खोटेच बोलावे असा याचा अर्थ नाही, असा खुलासा ते करतात. पण पुढे जाऊन, सिजविकने मुले, वेडे आणि आजारी यांच्याबद्दल जे म्हटले त्याच अर्थाने हे घ्यावे, असेही सुचवतात. या खुलाशाने काम आणखी बिघडते. मुले, वेडे, आजारी, स्त्रिया अशी रांग लागली की तिचे खरे शीर्षक वाचता येते: ज्यांच्या वतीने दुसरे कुणीतरी ठरवते ती माणसे.

ही रांग कुणी लावली हे विचारले की नीतीचा प्रश्न सत्तेचा होतो. लुटारू कोण हे त्याच्या कृतीवरून कळते. दुबळा कोण हे मात्र बलवान ठरवतो. केबिनमध्ये आम्हा दोघा भावंडांना आत बोलावले गेले आणि बाबा बाहेर राहिले, तेव्हाच ते त्या रांगेत गेले. त्या दिवशी सकाळी त्यांनी वर्तमानपत्र वाचले होते, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घातली होती. आतड्यात गाठ निघाल्याने त्यांची बुद्धी एका तासात लहान मुलाची झाली नव्हती.

४

पण ‘गीतारहस्या’च्या याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. टिळकांचे टीकाकार आणि त्यांचे नाव घेऊन राजकारण करणारे, दोघेही तिच्याकडे दुर्लक्ष करतात. मला ती सर्वांत मोलाची वाटते.

अपवाद सांगून झाल्यावर टिळक थांबत नाहीत. अपवादाची किंमत काय पडली तेही सांगतात. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. ते अर्धसत्य बोलताच तो इतरांच्या रथांसारखा मातीला टेकला. पुढे स्वर्गारोहणाच्या वेळी त्याला थोडा वेळ का होईना, नरक पाहावा लागला. अर्जुनाने शिखंडीला पुढे करून भीष्मांना पाडले, त्याचे फळ त्याला स्वतःच्या मुलाच्या, बभ्रुवाहनाच्या हातून भोगावे लागले. या दोघांनाही तसे करण्याचा सल्ला प्रत्यक्ष कृष्णाने दिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या कथांचे वजन कळते. कृष्णाने सांगितले म्हणून कृत्य करणीय ठरले. तरी त्याचा डाग राहिलाच.

स्मृतींतही हाच विचार आहे. खरी साक्ष दिल्याने एखाद्याचा प्राण जाणार असेल तर खोटी साक्ष द्यायला मनुस्मृती परवानगी देते. पण लगेच प्रायश्चित्तही सांगते: अशा साक्षीदाराने सरस्वतीला, म्हणजे वाणीच्या देवतेला, चरूचा होम करावा. टिळक या प्रायश्चित्ताची आवर्जून नोंद घेतात. हा तपशील मला विलक्षण वाटतो. ज्याचा जीव वाचला त्याची क्षमा मागायची नाही, न्यायाधीशाचीही नाही. क्षमा मागायची ती वाणीची. खोटे बोलण्याने जी जखम होते ती ऐकणाऱ्यापुरती राहत नाही, बोलण्यावरच्या विश्वासाला होते, हे इतक्या जुन्या काळी कुणाच्या तरी लक्षात आले होते.

महाडला १९२७ साली जो ग्रंथ जाळला गेला त्यातून हे उदाहरण घेताना एक गोष्ट नोंदवली पाहिजे. खोट्या साक्षीला प्रायश्चित्त सांगणारा हाच ग्रंथ काही श्लोकांनंतर प्रणयप्रसंगी स्त्रियांशी घेतलेल्या खोट्या शपथेला पातक नाही म्हणतो. तिथे सरस्वतीला होम नाही. म्हणजे अपवादाची किंमत कुणाच्या बाबतीत मोजायची आणि कुणाच्या बाबतीत माफ करायची, हेही दुबळ्यांच्या त्या रांगेवरूनच ठरले. विचार मोलाचा होता, तो सर्वांना लागू केला गेला नाही.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हा विचार बराच उशिरा ठळक झाला. १९६५ साली बर्नर्ड विल्यम्सने दाखवले, की दोन कर्तव्यांपैकी एक निवडावे लागले आणि निवड बरोबर असली, तरी न निवडलेले कर्तव्य नाहीसे होत नाही. त्याची खंत मागे उरते आणि ती उरणे योग्यच असते. १९७३ साली मायकेल वॉल्झरने ‘मळलेल्या हातां’च्या प्रश्नावर लिहिताना म्हटले, की राजकारण्याला कधीकधी वाईट कृत्य करावे लागते, पण आपण वाईट केले हे ज्याला कळते त्याच्यावरच विश्वास ठेवता येतो. युधिष्ठिराचा टेकलेला रथ हीच गोष्ट सांगतो.

टिळकांच्या या प्रकरणाचा गाभा माझ्या मते ‘अपवाद असतो’ हा नाही. ते कुणालाही पटते, सोयीचे असल्याने लवकर पटते. गाभा असा की अपवाद फुकट नसतो. आपण मराठी माणसांनी या वारशातला पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला. अपवाद ठेवला, प्रायश्चित्त टाकले.

५

सार्वजनिक जीवनातले एक उदाहरण घेतो. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्याआधीच्या डिसेंबर आणि जानेवारीतल्या दंगलींनी शहर होरपळलेले होते. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाने त्या दंगलींतल्या मृतांची संख्या नऊशे दिली आहे. शरद पवार तेव्हा नुकतेच पुन्हा मुख्यमंत्री झाले होते. त्यांनीच नंतर जाहीरपणे सांगितल्याप्रमाणे, त्या दिवशी दूरचित्रवाणीवरून स्फोटांची ठिकाणे सांगताना त्यांनी स्फोट न झालेल्या एका मुस्लिमबहुल भागाचे नाव जाणूनबुजून जोडले. स्फोट हिंदू वस्तीच्या भागांत झाले हे लोकांच्या लक्षात आले तर पुन्हा दंगल पेटेल, ही त्यांची भीती होती. श्रीकृष्ण आयोगासमोरही आपण हे कबूल केले, असे ते सांगत आले आहेत.

हा कौशिकाचाच प्रसंग आहे आणि कौशिकासारखे न वागल्याबद्दल त्यांना दोष देणे मला शक्य नाही. विचारविनिमयाला वेळ नव्हता, धोका खरा होता आणि दोन महिन्यांपूर्वीचाच होता. तरीही दोन गोष्टी तपासून पाहाव्या लागतात.

एक, ते असत्य कुणाला उद्देशून होते? लुटारूंना नव्हे, सगळ्या शहराला. त्यातले काही जण दंगेखोर झाले असते हे खरे. पण त्यांच्यासाठी उरलेल्या सगळ्या शहराला, त्या रात्री खरे काय ते कळावे म्हणून रेडिओला कान लावून बसलेल्यांनाही, धोकादायक किंवा दुबळे धरले गेले. धोक्याच्या दरवाजातून आत शिरलेल्या अपवादाला दुबळेपणाचा दरवाजाही उघडावा लागला.

दोन, त्याची किंमत चुकती झाली का? अर्धी झाली, असे मला वाटते. असत्य आपण बोललो हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या नावावर, चौकशी आयोगासमोर मान्य केले. सत्तेतली माणसे एवढेही क्वचित करतात. राहिलेला अर्धा भाग मात्र त्यांच्यापेक्षा आपल्याकडे लागतो. हा किस्सा आपण ज्या प्रकारे ऐकतो आणि सांगतो, तो मुत्सद्देगिरीचा, हजरजबाबीपणाचा किस्सा म्हणून. ऐकणारा हसून दाद देतो. रथ जमिनीला टेकल्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. पण तो टेकतो. पुढे कधी तणावाच्या वेळी सरकार म्हणते, ‘अमुक ठिकाणी काही घडलेले नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका’, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते: हे तरी खरे कशावरून? मोबाईलवर फिरणारी अफवा आणि सरकारी निवेदन यांना एकाच मापाने मोजण्याची सवय एका दिवसात लागलेली नाही. सरस्वतीचा होम राहून गेला की काय होते, ते हे.

‘राजकारणात सगळे क्षम्य’ हे सूत्र टिळकांच्या नावावर खपवले जाते, म्हणून इथे १९२० च्या जानेवारीतला एक पत्रव्यवहार आठवावा. गांधींनी ‘यंग इंडिया’त टिळकांचे मत जवळपास याच शब्दांत मांडले, तेव्हा टिळकांनी पत्र लिहून हरकत घेतली. राजकारण हा साधूंचा नव्हे, संसारी माणसांचा खेळ आहे, आणि जशास तसे हे गीतेतल्या कृष्णवचनाला धरून आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पण सर्व काही क्षम्य असे आपण कधी म्हटले नाही, हेही त्यांनी बजावले. गांधींचे उत्तर शठाशीही सत्यानेच वागावे असे होते. या वादात आपण सहसा एकाची बाजू घेतो. मला दोघांमधले साम्य जास्त महत्त्वाचे वाटते. फुकटचा अपवाद दोघांनाही मान्य नव्हता.

६

आता पुन्हा रुग्णालयाकडे. घरच्यांनी ठरवायचे, ही आपली संस्कृती आहे. रुग्णाला तोंडावर सांगणे ही पाश्चात्त्यांची रीत, असे सर्रास म्हटले जाते. ते इतिहासाला धरून नाही. १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतल्या डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ साली तसाच प्रश्न अमेरिकेतल्या डॉक्टरांना पुन्हा विचारला गेला. तेव्हा ९७ टक्क्यांचा कल सांगण्याकडे होता. अठरा वर्षांत चित्र उलटे झाले. अमेरिकेची संस्कृती अठरा वर्षांत बदलली नाही. उपचार बदलले, रुग्णांच्या हक्कांची चळवळ झाली, आणि डॉक्टरांची सवय बदलली. जी गोष्ट एका पिढीत उलटते तिला संस्कृती म्हणून कवटाळताना जरा थांबावे.

आपल्याकडचे नियम काय सांगतात? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत म्हटले आहे, की डॉक्टरने आजाराचे गांभीर्य वाढवून किंवा कमी करून सांगू नये, आणि रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार स्नेह्यांना, रुग्णाच्या व कुटुंबाच्या हिताची ठरेल एवढी माहिती आहे याची खात्री करावी. या वाक्यातला ‘किंवा’ पाहा. त्या एका अव्ययातून बाबांना बाहेर बाकावर बसवण्याइतकी वाट निघते. नातेवाइकांना सांगितले की नियम पाळला गेला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात शस्त्रक्रियेच्या संमतीबाबत वेगळी दिशा दाखवली. रुग्ण सज्ञान असेल आणि जिवावरचा तातडीचा प्रसंग नसेल, तर तिच्या आईची संमती ही तिची संमती होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. देहावर सुरी चालवण्याआधी ज्याला विचारावे लागते, त्याच्या देहात काय आहे हे मात्र त्याला न सांगता चालते, ही विसंगती आपण सांभाळत आलो आहोत.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. प्रत्येकाला सगळे जाणून घ्यायचे असतेच असे नाही. काहींना खरोखर नको असते. ‘माझ्या मुलाशी बोला, मला सांगू नका’ म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांचा तो हक्क आहे. पण इथे ठरवणारा रुग्ण असतो. ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे, आणि बोलताना कोण सोबत असावं?’ असा प्रश्न डॉक्टर रुग्णालाच विचारू शकतात, विचारणारे आहेतही. न सांगणे आणि विचारल्यावर खोटे सांगणे, यांतही फरक आहे. बेताबेताने, माणसाचा कल पाहून सांगणे हा मायेचा भाग झाला. माझी चूक केबिनमधल्या त्या पाच मिनिटांत झाली त्याहून मोठी त्या संध्याकाळी झाली, जेव्हा बाबांनी मला एकट्याला गाठून विचारले. ते विचारत होते याचाच अर्थ ते रांगेतून बाहेर पडू पाहत होते. मी त्यांना परत रांगेत ढकलले.

७

मग अपवाद केव्हा योग्य हे ठरवायचे कशाने? टिळकांचे उत्तर ‘सिद्धावस्था व व्यवहार’ या प्रकरणात येते. पुष्कळांचे पुष्कळ सुख मोजणारी मिल-बेंथॅमची फूटपट्टी ते अपुरी मानतात. कर्त्याची बुद्धी शुद्ध आणि सर्वांविषयी सम असेल, तर तिच्यातून निघालेला अपवाद योग्य. स्थितप्रज्ञाचे वागणे हाच दाखला.

ग्रंथातल्या तत्त्वज्ञानाच्या इमारतीला हे शोभून दिसते. दैनंदिन व्यवहारात मात्र ही कसोटी लंगडी पडते, कारण ती ज्याला लावायची तोच ती लावणार. आपली बुद्धी मलिन आहे असे खोटे बोलताना कुणाला वाटते? मलाही वाटले नव्हते. बाबांना धक्का बसू नये एवढेच माझ्या मनात आहे अशी माझी खात्री होती. आज शांतपणे पाहिले तर दिसते, की त्यात माझीही सोय होती. खरे सांगितल्यावर त्यांच्या समोर बसावे लागले असते, आणि ते मला नको होते.

सिसेला बोक यांनी १९७८ च्या आपल्या असत्यावरच्या पुस्तकात दुसरी कसोटी सुचवली. हे असत्य आपण चारचौघांत, ज्यांच्याशी बोलणार त्यांच्यासारख्यांच्याही समोर, समर्थून दाखवू शकू का? ही कसोटी बुद्धीच्या आत डोकावत नाही, कृत्याला उजेडात आणते. लुटारूशी बोललेले असत्य या उजेडात टिकते. दंगल टाळण्यासाठी बोललेले कदाचित टिकेल. ‘सूज आहे’ हे बाबांसारख्या शंभर जणांच्या सभेत मांडले असते तर किती हात वर झाले असते, मला ठाऊक नाही. पण तो प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता.

तरी मला बोक यांच्याइतकीच महाभारताची कसोटी महत्त्वाची वाटते, कारण ती कृत्यानंतरही माणसाला सोडत नाही. अपवाद करणाऱ्याने आधीच स्वतःला विचारावे: याची किंमत मी कशी देणार आहे, आणि कुणाला? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर तो अपवाद नसून सोय आहे. रोजच्या जगण्यात ही किंमत होमहवनाची नसते. संधी मिळताच खरे सांगणे, आपल्या नावावर सांगणे, ज्याचा निर्णय काढून घेतला त्याला तो शक्य तेवढा परत करणे, आणि किस्सा म्हणून मिरवायचे नाही, एवढी ती असते. सरकारच्या बाबतीत तिचे नाव हिशेब: कुठे, किती काळ आणि कशासाठी माहिती दडवली हे ठरावीक मुदतीत लोकांपुढे ठेवणे.

बाबा आणि काका घराच्या वाटणीवरून अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटच्या पावसाळ्यात बाबा दोनदा म्हणाले, “बरं वाटलं की एकदा गावी जाऊन येतो.” आम्ही म्हणालो, “उन्हाळ्यात जाऊ.” उन्हाळा येणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत होते, एका माणसाखेरीज. ते मार्गशीर्षात गेले. काका दहाव्याला आले आणि ओटीवर बसून राहिले.

‘कर्मजिज्ञासा’ मी तिसऱ्यांदा वाचले ते त्यानंतर. वाचून झाल्यावर गावी गेलो आणि काकांना सगळे सांगितले: निदान कधी झाले, कुणी काय ठरवले, बाबांनी गावी यायचे किती वेळा काढले, आणि आम्ही काय उत्तर दिले. ते ऐकून घेऊन काका म्हणाले, “मला तरी कळवायचंत.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते मी शोधलेही नाही.